बऱ्या दिवसांतली तजवीज

सांगलीहून एका वाचकांनी (वय ३६) सविस्तर पत्र पाठवलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. त्यांना बायपोलर आहे, म्हणजे ज्यात मन कधी अति उत्तेजित होतं (त्याला मॅनिया म्हणतात) तर कधी खोल निराशेत जातं असा आजार. पत्राचा मुख्य भाग असा:

"मला बायपोलर आहे. निदान सव्विसाव्या वर्षी झालं, तेव्हापासून मॅनियाचे तीन एपिसोड झाले. पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला होतो. तिसऱ्या एपिसोडमध्ये एफडी मोडली, मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून कर्ज काढलं, सेकंडहँड गाडी घेतली, ऑफिसात साहेबांच्या अंगावर ओरडलो. अ‍ॅडमिट व्हावं लागलं. नोकरी गेली. बायको मुलीला घेऊन कराडला माहेरी गेली, मुलगी सात वर्षांची आहे. मी सांगलीला आईवडिलांकडे आहे. गेले आठ महिने लिथियम आणि रात्रीची एक गोळी चालू आहे, तब्येत स्थिर आहे. दादा म्हणतो, आता बरा आहेस तर गोळ्या बंद कर आणि कामाला लाग. आई नातेवाइकांना 'त्याला बीपी आहे' असं सांगते. मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो याचा, की एखाद्या दिवशी छान वाटलं की पोटात गोळा येतो. हे खरंच छान वाटतंय, की पुन्हा सुरू झालं? अशा माणसाची घडी पुन्हा बसते का? बसत असेल तर सुरुवात कुठून करू?"

घडी बसते. तुम्हाला धीर द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून काम करताना ती बसलेली मी पाहिली आहे. बसलेली विस्कटताना आणि पुन्हा बसतानाही पाहिली आहे. ज्यांची टिकली, ते आजार कायमचा जाईल याची वाट पाहत बसले नव्हते. बरे असतानाच त्यांनी बिघडलेल्या दिवसांची तजवीज करून ठेवली होती. आपल्याकडे मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करतात, तशी. पाऊस येणार म्हणून कुणी हातपाय गाळत नाही, आणि येणारच नाही असं समजून पापड-कुरडयांचे डबे रिकामेही ठेवत नाही. तुमचे हे आठ महिने मला याच कामी लागायला हवे आहेत. नोकरी, कर्ज, संसार यांच्याकडे येतेच, पण आधी तो पोटातला गोळा.

साधा आनंद आणि मॅनियाची सुरुवात यांत फरक असतो, आणि तो बराचसा झोपेत दिसतो. मुलीला शाळेत बक्षीस मिळालं म्हणून तुम्ही दिवसभर खुशीत असाल, रात्री नेहमीच्या वेळी झोप येत असेल, जेवणावर लक्ष असेल, कुणी "पुरे आता" म्हटलं तर राग येत नसेल, तर तो आनंद आहे. बिनधास्त उपभोगा. पण चार तास झोपूनही सकाळी ताजंतवानं वाटलं, एकामागून एक बेत सुचायला लागले आणि कुणी अडवलं की डोकं फिरायला लागलं, तर तिथे थांबून पाहायला हवं. थकलेला माणूस कमी झोपला तर दुसऱ्या दिवशी पेंगतो. कमी झोपूनही थकवा येत नाही, ही खूण धरून ठेवा.

याहून महत्त्वाच्या खुणा तुमच्या स्वतःच्या आहेत, आणि पत्रात तुम्ही त्या ओझरत्या लिहून गेला आहात. गेल्या खेपेला सुरुवात झाली तेव्हा तुम्ही रात्री अडीचला जुन्या फायलींचं कपाट लावायला काढलं होतं. मग त्याच आठवड्यात शाळेतल्या मित्रांचे तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढले आणि मध्यरात्री लोकांना फोन लावले. घरच्यांना वाटलं, पोरगा किती उत्साहात आलाय. कर्ज आणि गाडी यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. बऱ्याच जणांच्या बाबतीत आजाराची पहिली पावलं दर वेळी जवळपास तीच असतात. आधीच्या दोन एपिसोडच्या वेळी काय झालं होतं तेही आठवा. आईला विचारा, आणि शक्य असेल तर बायकोला विचारा. तुमच्या आधी तिच्या लक्षात आलं असणार. मग एका कागदावर लिहा: कपाट, ग्रुप, रात्रीचे फोन, आणखी जे निघेल ते. हा कागद तुमच्याजवळ, वडिलांजवळ आणि डॉक्टरांच्या फाइलमध्ये राहू दे.

याच्या जोडीला एक वही ठेवा. तुम्ही अकाउंट्सचे आहात, रकाने आखायला तुम्हाला शिकवायला नको. झोपलो कधी, उठलो कधी. मन उणे तीन ते अधिक तीन यांत कुठे होतं. दिवसाचा खर्च किती. रात्री दोन मिनिटांत भरून होते. नियम तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून आत्ताच ठरवा. उदाहरणार्थ, लागोपाठ दोन रात्री पाच तासांच्या आत झोप आणि तरी थकवा नाही, तर तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. अशा वेळी रात्रीच्या गोळीचं काय करायचं हे त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या, स्वतःच्या मनाने मात्रा वाढवू नका. एवढं ठरलेलं असलं की छान वाटलेल्या प्रत्येक दिवशी स्वतःची उलटतपासणी घ्यावी लागत नाही. वहीत पाहायचं. झोप जागेवर असेल तर मुलीच्या बक्षिसाचे पेढे खायचे.

झोपेची वेळ सांभाळणं हे औषधाइतकंच औषध आहे. त्यातही उठण्याची वेळ घट्ट धरा, रविवारीसुद्धा. जागरणाने मॅनिया उफाळून येतो, हे या आजारात पक्कं माहीत झालेलं आहे. म्हणून गणपतीतले रात्रभरचे देखावे, कोजागरी, सांगली-मुंबई रातराणी हे सगळं इतरांना चालतं, तुम्हाला महाग पडतं. मुंबईला जायचं तर दिवसाच्या गाडीने जा. सकाळी उजाडल्यावर आयर्विन पुलापर्यंत चालून या. सकाळचा उजेड आणि ठरलेली वेळ या दोन्हींनी शरीराचं घड्याळ जागेवर राहतं.

आता दादा. ते प्रेमानेच म्हणतात, पण त्यांचं ऐकू नका. गोळ्या चालू आहेत म्हणून तुम्ही बरे आहात. लिथियम हे जुनं आणि नीट पारखलेलं औषध आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मॅनियावर त्याचा उपयोग दाखवून दिला आणि आजही बायपोलरमध्ये ते पहिल्या फळीत आहे. आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणूनही त्याला मान आहे. ते एकदम सोडलं की मॅनिया परत येण्याची शक्यता फार वाढते. मात्रा कमी करायची असेल, बदलायची असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. पुढच्या भेटीला दादांना बरोबर न्या आणि हाच प्रश्न त्यांना डॉक्टरांना विचारू द्या. घरातल्या घरात हा वाद तुम्ही जिंकणार नाही, आणि जिंकायची जबाबदारी तुमची नाहीही.

लिथियम घेणाऱ्याने काही गोष्टी तोंडपाठ ठेवायच्या असतात. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान राखतात, तुमचा आकडा डॉक्टर सांगतील. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावर. किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्या वर्षातून दोनदा तरी हव्यात. जुलाब-उलट्या, कडक ऊन, निर्जळी उपास यांनी अंगातलं पाणी कमी झालं की औषधाची पातळी चढते. घरी आषाढी-कार्तिकीचा उपास असेल तर पाणी आणि मीठ सोडू नका. अंगदुखीला मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, तीही पातळी वाढवतात. हात जोरात थरथरायला लागले, चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठायचा. तुम्हाला कप धरताना जी हलकी थरथर होते म्हणता, ती वेगळी. त्यावर उपाय असतात. सहन करत बसू नका, डॉक्टरांना सांगा.

आईच्या 'बीपी'बद्दल मला इथेच बोलायचं आहे. त्यांची काळजी मी समजू शकते. त्यांना तुमच्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहायला नको आहे. पण एखाद्या रात्री तुम्हाला चक्कर आली आणि अनोळखी दवाखान्यात 'याला बीपी आहे' असं सांगितलं गेलं तर? बीपीच्या काही गोळ्या लिथियमची पातळी धोकादायक वाढवतात. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी कायम ठेवा: आजाराचं नाव, गोळ्यांची नावं आणि मात्रा, डॉक्टरांचा नंबर. नातेवाइकांना काय सांगायचं ते तुमच्या हातात आहे. सगळ्या भावकीला सांगायची गरज नाही. पण घराबाहेरची दोन-तीन माणसं अशी हवीत ज्यांना खरं माहीत आहे आणि जी तुम्हाला "तू आज जरा जास्त बोलतोयस" असं तोंडावर सांगू शकतात.

पैशाची तजवीज मॅनियाचा विचार करून करावी लागते. त्या अवस्थेत तुमची इच्छाशक्ती तुमच्या मदतीला येत नाही, बँकेचे नियम येतात. मोठी रक्कम आणि एफडी अशा संयुक्त खात्यात ठेवा जिथे दोघांच्या सह्या लागतात, 'कुणाही एकाची' चालत नाही. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं ठेवा आणि त्यात महिन्यापुरतेच पैसे. यूपीआयची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून कमी करून घ्या. कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद-चालू करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून सर्व बँकांना सक्तीची केली आहे, ती वापरा. कर्जाची अ‍ॅप काढून टाका. आधीच्या कर्जाची एक यादी करा: कुणाचं किती, व्याज किती, हप्ता कधी. जास्त व्याजाचं आधी फेडा. वसुलीचे फोन टाळू नका, हप्ता बदलून मागा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. ती गाडी अजून दारात असेल तर विकून टाका.

कागदोपत्री करून ठेवायची अजून एक गोष्ट आहे आणि ती आपल्याकडे फार थोडे लोक करतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याखाली कुठल्याही सज्ञान माणसाला, आधी आजार झालेला असो वा नसो, आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवता येतं. त्याला अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह म्हणतात. तुम्ही निर्णय घेण्याच्या स्थितीत नसाल तेव्हा तुमच्या वतीने बोलणारा नामनिर्देशित प्रतिनिधीही नेमता येतो, त्याची लेखी संमती लागते. अगदी तातडीच्या उपचारांना हा कागद लागू होत नाही. सगळ्या डॉक्टरांना त्याची सवय आहे असंही नाही. तरी करा. तुमच्यासारख्या माणसाने यात लिहायचं ते असं: मला कुठल्या गोळीने त्रास झाला होता, कुठल्या हॉस्पिटलमध्ये न्या, मुलीला त्या अवस्थेत मला भेटायला आणू नका, माझा फोन आणि कार्डं वडिलांच्या ताब्यात द्या. बरे असताना तुम्हीच हे ठरवलेलं असलं की त्या वेळी वडिलांनी फोन काढून घेतला तरी नंतर त्याचा सल राहत नाही. त्यांनाही अपराधी वाटत नाही. याच कायद्यात आरोग्य विम्यात मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरावा अशी तरतूद आहे. तुमची पॉलिसी असेल तर ती काढून वाचा.

कामाला लागाच, पण पुण्यातल्या जुन्या पगाराशी तुलना करत बसू नका. सांगलीत एखाद्या कर सल्लागाराकडे अर्धा दिवस जीएसटीचं काम मिळालं तर घ्या. अकरा तारखेची जीएसटीआर-१ आणि वीसची ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, जुलैअखेरची आयकर रिटर्न्स, मार्च एंड. तुमच्या कामात धावपळ कधी येणार हे कॅलेंडरवर आधीच दिसतं, आणि हा तुमचा मोठा फायदा आहे. त्या आठवड्यांत काम आदल्या दिवसांवर पसरवा आणि रात्री थांबणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. आजाराचं नाव सांगावं की नाही? मुलाखतीत सांगायची सक्ती नाही. 'प्रकृतीमुळे काही महिने घरी होतो, आता उपचार चालू आहेत आणि काम करू शकतो' हे खरंही आहे आणि पुरेसंही. जम बसल्यावर वरिष्ठ माणूस भरवशाचा वाटला तर त्याला सांगा.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल तुम्ही विचारलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. सिव्हिल हॉस्पिटलमधून तपासणी होते आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं तर सरकारी नोकरीतलं आरक्षण, आयकराच्या जुन्या पद्धतीत अपंगत्वासाठीची वजावट असे लाभ मिळतात. स्थिर असताना टक्का कमी भरू शकतो. अर्ज करायला हरकत नाही, पण सगळं त्याच्यावर टांगून ठेवू नका.

बायकोबद्दल मला तुमच्याशी स्पष्ट बोलायचं आहे. पत्रात तुम्ही म्हणता, "तिला कळायला हवं की ते मी नव्हतो, आजार होता." आजार होता हे खरं आहे. मोडलेली एफडीही खरी आहे, आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन रात्री बॅग भरलेली बाईही खरी आहे. तुम्ही दोष घ्यावा असं मी म्हणत नाही. भरपाई मात्र तुम्हीच करायची आहे, कारण करू शकेल असं दुसरं कुणी नाही. मोठमोठ्या माफीच्या मेसेजनी ती होणार नाही. असे मेसेज तिने एपिसोडमध्येही वाचले असतील. दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला मुलीसाठी पैसे पाठवा, रक्कम दोन हजार असली तरी चालेल, तारीख चुकू नये. मुलीला रोज एकाच वेळी फोन करा, पाच मिनिटं, आणि त्यात तिच्या आईची चौकशी काढू नका. मुलगी विचारेल, "बाबा, तुम्हाला काय झालं होतं?" तिला सांगा, "माझ्या मेंदूचा एक आजार आहे. त्यात मी खूप जोरात बोलायला लागतो आणि झोपत नाही. तुझ्यामुळे झालं नाही. मी रोज औषध घेतो." मुलांना इतकं समजतं. बायकोला तुमच्या डॉक्टरांना एकटीने भेटावंसं वाटलं तर भेटू द्या. डॉक्टरांना तशी परवानगी लिहून द्या. ती परत येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. ती आली नाही तरी मुलीचे बाबा म्हणून तुमची जागा तुम्हाला राखता येते, आणि त्यासाठी आजपासूनच सुरुवात करता येते.

वडील रोज गोळी हातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत उभे राहतात, असं लिहिलंय तुम्ही. आठ महिने त्यांनी हे केलं, याचं मोल मोठं आहे. आता सात दिवसांच्या कप्प्यांची डबी आणा, रविवारी तुम्ही भरा, त्यांनी फक्त नजर टाकावी. तेही थकले असणार. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्था शुभार्थी (आजार असलेली माणसं) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) यांच्यासाठी बरीच वर्षं काम करत आहेत. आईवडिलांना त्यांच्याशी फोनवर बोलायला लावा. 'आपल्याच घरात हे आहे' असं वाटणाऱ्या आईला दुसऱ्या एका आईशी बोलून जे मिळतं, ते मी कितीही लिहून देऊ शकणार नाही.

डिप्रेशनची बाजू पत्रात जवळजवळ नाहीच, म्हणून सांगते. मॅनियानंतर मन खोल जातं, विशेषतः कर्जाचे आकडे समोर आल्यावर. त्या दिवसांसाठी किमान ठरवून ठेवा: गोळी, आंघोळ, एक जेवण, दारापर्यंत चालणं. बाकी सगळं माफ. आणि जगू नये असं वाटायला लागलं, तर त्याच दिवशी वडिलांना सांगा आणि डॉक्टरांना फोन करा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं.

पत्राच्या खाली ताजा कलम आहे: मे महिन्यात भाचीचं लग्न इस्लामपूरला आहे, जावं की न जावं? जा. हळदीला संध्याकाळी पोहोचा, रात्री दहाला जेवून निघा आणि घरी येऊन नेहमीच्या वेळी झोपा. डीजेसाठी थांबू नका. रात्रीची गोळी खिशात असू दे, गाडीला उशीर झाला तर तिथेच घ्या. मे महिना आहे, पाण्याची बाटली जवळ ठेवा. आहेराची रक्कम वडिलांबरोबर आधी ठरवून पाकिटात घालून न्या, तिथे गेल्यावर वाढवू नका. कुणी विचारलं, "काय करतोस सध्या?" तर सांगा, सांगलीत आहे, काम बघतोय. लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या की जेवा, भाचीबरोबर फोटो काढा आणि दुपारच्या गाडीने परत या.